विश्वाचा नकाशा साफ करणारा माणूस एआयला आवर घाला म्हणतोय, त्याचं आणि आपल्या औंढ्याचं काय नातं?

वसमतचा_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, मॅक्स टेगमार्क हे नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते २०२३ च्या मार्चमधल्या त्या पत्रामुळं. चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ मॉडेलपेक्षा ताकदवान एआय शिकवणं किमान सहा महिने थांबवा असं ते पत्र, तीस हजारांच्या वर सह्या पडल्या. ते काढणाऱ्या फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूटचे हे सहसंस्थापक. तेव्हापासून आपल्याकडं यांची ओळख काय, तर एआयची भीती घालणारा माणूस. मला ही ओळख फार अपुरी वाटते, कारण हा माणूस मूळचा विश्वरचनेचा अभ्यासक आहे आणि तिथं त्यानं जे काम केलं ते समजून घेतलं की एआयबद्दल तो असं का बोलतो ते आपोआप कळतं. म्हणून हा धागा.

थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नका. जन्म १९६७, स्टॉकहोम. पीएचडी बर्कलेला, १९९४ ला. २००४ पासून एमआयटीत. महास्फोटानंतर साधारण ३,८०,००० वर्षांनी विश्व निवळलं आणि प्रकाश मोकळा फिरायला लागला, तोच प्रकाश आज मायक्रोवेव्हच्या रूपात चहूबाजूंनी आपल्यावर येतोय, तापमान २.७ केल्विन. सगळीकडनं जवळजवळ सारखाच, फरक फक्त लाखात एक भागाएवढा. आणि त्या लाखातल्या एका भागावरनं विश्वाचं वय, त्यात साधं द्रव्य किती, अदृश्य द्रव्य किती हे सगळं काढायचं. अडचण अशी की मधे आपली आकाशगंगा आडवी येते. तिच्यातली धूळ मायक्रोवेव्ह सोडते, चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणजे आपल्याला पाहिजे ते १३.८ अब्ज वर्षांपूर्वीचं आणि वर पसरलेला हा सगळा कचरा आत्ताचा, घरचा.

नासाचा डब्ल्यूमॅप उपग्रह २००१ ला गेला, त्यानं आकाश पाच फ्रिक्वेन्सींमध्ये बघितलं, २३ पासून ९४ गिगाहर्ट्झपर्यंत. २००३ ला पहिला डेटा आला तेव्हा टेगमार्क, अँजेलिका दि ऑलिव्हेरा-कोस्टा आणि अँड्र्यू हॅमिल्टन या तिघांनी स्वतंत्रपणे साफ नकाशा काढला. युक्ती अशी: पाचही नकाशांना वजनं द्यायची आणि बेरीज करायची, पण सगळ्या वजनांची बेरीज एक आली पाहिजे. मूळ प्रकाश पाचही नकाशांत सारखाच असतो, त्यामुळं त्याला धक्का लागत नाही. कचरा मात्र प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, म्हणून कचरा कमीत कमी राहील अशी वजनं निवडता येतात. आणि ही वजनं आकाशाच्या स्वच्छ भागाला वेगळी, आकाशगंगेच्या पट्ट्यात वेगळी, मोठ्या डागांना वेगळी, बारीक डागांना वेगळी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की धूळ कशी असेल याचं कुठलंही मॉडेल त्यांनी आधी धरून ठेवलं नाही. आपल्याला जे पक्कं माहीत आहे तेवढ्यावरच उभं राहायचं.

साफ नकाशात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आकाशातले सगळ्यात मोठे दोन प्रकारचे चढउतार, क्वाड्रुपोल आणि ऑक्टोपोल, एकाच दिशेला रेललेले. तत्त्वतः त्यांचा एकमेकांशी संबंध नको. दुसऱ्या कुणी लगेच डंका पिटला असता की विश्वाला दिशा आहे म्हणून. यांनी योगायोगाची शक्यता किती ते मोजून लिहिलं आणि पुढं जास्त डेटा येऊ द्या म्हणाले. पुढं युरोपचा प्लँक उपग्रह गेला, त्यातही ते दिसतंय, आणि अजूनही कुणी छातीठोक सांगत नाही की हे खरं आहे का नशिबाचा खेळ.

आता माझा मुद्दा. ज्या माणसाची हयात "हे खरं सिग्नल आहे का वरचा कचरा, आणि माझी खात्री किती" असं विचारण्यात गेली, त्याच्यासमोर एक यंत्र येतं जे सगळं छातीठोकपणे सांगतं आणि खात्री किती, कशावरनं, हे आतून उघडून दाखवता येत नाही. तो अस्वस्थ होणारच. २०२० मध्ये सिल्व्हिउ-मारियन उद्रेस्कू या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी एआय फाइनमन नावाचा प्रोग्राम काढला, नुसते आकडे द्यायचे आणि त्यामागचं सूत्र शोधायला लावायचं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांतली १०० सूत्रं दिली, १०० च्या १०० सापडली, आधीच्या सॉफ्टवेअरला ७१ जमली होती. म्हणजे हा माणूस एआयच्या विरोधात नाही हो, एआय स्वतः बनवतोय. फक्त उत्तरासोबत माणसाला वाचता येईल असं कारण मागतोय. जबाबदार एआयची माझ्या लेखी हीच पहिली अट आहे.

आणि हे मी वसमतला बसून का लिहितोय, तर हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला लायगो होतंय म्हणून, म्हणजे दूरचे तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र. उद्या आपल्या मातीवर जे यंत्र उभं राहील ते याच शिस्तीवर चालतं. आपल्या पोरांनी नुसता प्रकल्पाचा अभिमान धरून उपयोग नाही, ही शिस्त उचलली पाहिजे. बोला.

बीएस्सी_फायनल

सर खूप भारी लिहिलंय 🙏 मी परभणीला आहे. एक विचारू का, हे तेच टेगमार्क ना जे म्हणतात की अनेक विश्वं आहेत आणि विश्व म्हणजेच गणित आहे? यूट्यूबवर त्यांचे तेच व्हिडिओ येतात सारखे. ते पण लाखातल्या एका भागासारखं मोजलेलं आहे का

वसमतचा_मास्तर

नाही बाळा, आणि हा फरक कळणं महत्त्वाचं आहे. अनेक विश्वांच्या चार पातळ्या त्यांनी मांडल्यात, त्यातली पहिली म्हणजे आपल्या दिसण्याच्या हद्दीपलीकडंही अवकाश आहे इतकीच, ती बऱ्याच जणांना पटते. चौथी, की गणितातली प्रत्येक रचना कुठंतरी खरीखुरी विश्व म्हणून आहे, ही कल्पना आहे, तपासायची कशी तेच धड ठरत नाही म्हणून कितीतरी भौतिकशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. मलाही ती पटत नाही. नकाशाचं काम वेगळं, हे वेगळं. एकाच माणसाच्या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या तराजूत टाकायला शिकलं पाहिजे, नाहीतर मोठं नाव दिसलं की सगळंच खरं वाटायला लागतं.

अजिंठा२२

मास्तर, तुमचा नकाशाचा भाग वाचून खरंच डोळे उघडले, पण पत्राबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. माझं काम डेटाचंच आहे, संभाजीनगरात बसून बाहेरच्या कंपन्यांसाठी करतो. ते सहा महिने थांबा म्हणाले, कोण थांबलं? एकही मोठी कंपनी थांबली नाही. इलॉन मस्कची त्यावर सही होती आणि त्याच जुलैत त्यांनी स्वतःची एआय कंपनी जाहीर केली. आणि दुसरं, पत्रातली भीती कसली तर यंत्रं माणसाच्या पुढं निघून जातील, आपल्या हाती ताबा राहणार नाही, ही. एआयच्या नैतिक बाजूचा अभ्यास करणाऱ्या टिम्निट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच उत्तर दिलं होतं की अहो उद्याच्या राक्षसाची गोष्ट सांगता सांगता आज जे चाललंय त्याच्याकडं दुर्लक्ष होतंय. आज काय चाललंय, तर लोकांचा डेटा न विचारता उचलणं, एआयला शिकवायच्या डेटावर लेबलं लावत बसणाऱ्या पोरांना तुटपुंजे पैसे, चुकीच्या निकालाला कुणीच जबाबदार नाही. मला हे म्हणणं जास्त जवळचं वाटतं. मराठवाड्यातल्या माणसाला महाबुद्धिमत्ता येऊन गिळणार नाही, त्याचं नुकसान एखाद्या सॉफ्टवेअरनं त्याचा अर्ज नाकारला की होतं.

गोदाकाठची

अजिंठा दादा, तुमचं आजच्या नुकसानीचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण ही दोन भांडणं वेगळी का समजायची ते मला कळत नाही. मी नांदेडची, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, दहा वर्षांपासून हेच काम आहे. अर्ज नाकारणारं छोटं सॉफ्टवेअर असो नाहीतर ते महाकाय मॉडेल, दोन्हीकडं रोग एकच, बाहेरच्या माणसाला ते तपासता येत नाही. आणि पत्र वाया गेलं असंही नाही म्हणता येणार. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कला पहिली एआय सुरक्षा परिषद झाली, युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला, हे सगळं एका पत्रानं झालं असं मी म्हणत नाही पण विषय सरकारांच्या टेबलावर आला त्यात त्या गदारोळाचा हात आहेच.

मला मास्तरांच्या मुद्द्यात एक भर घालायचीय, माझ्या धंद्यातली. लायगोवाल्यांनी २०१० मध्ये एक गोष्ट केली होती जी ऐकून मी चाटच पडले. मोजक्या तीनचार लोकांनी गुपचूप यंत्रात एक खोटा सिग्नल घुसडला. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांना पत्ता नाही. त्यांना एवढंच माहीत की असं कधीही होऊ शकतं. मंडळींनी तो सिग्नल पकडला, महिनोन् महिने तपासला, शोधनिबंध पूर्ण लिहून काढला आणि मग २०११ च्या मार्चमध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं तर आत लिहिलेलं की होय, हा आम्हीच घातलेला. कुणी रागावलं नाही. कारण परीक्षा पास झाली होती, खरा सिग्नल आला तर आपल्याला सापडेल हे सिद्ध झालं. आता एआय कंपन्यांकडं बघा, प्रश्नपत्रिका बहुतेक वेळा त्यांचीच किंवा आधीच इंटरनेटवर पडलेली, म्हणजे मॉडेलनं शिकतानाच ती वाचलेली असू शकते, पेपर तपासणारेही तेच आणि निकाल जाहीर करणारेही तेच. आमच्या ऑफिसात डेव्हलपरनं स्वतःचं कोड स्वतःच पास केलं तर त्याला कुणी टेस्टिंग म्हणत नाही.

तूर_आणि_तारे

राम राम मंडळी. मी औंढा तालुक्यातला, शेती हाय, तूर सोयाबीन अन् थोडी हळद. मास्तर तुमचं ते नकाशा साफ करायचं म्हणजे सुपानं पाखडल्यासारखं झालं की, दाणा हाय तसा ऱ्हातो अन् फोलपट उडतं. लै आवडलं. लायगोचं आमाला कवतिक हायेच, २०१६ ला मंजुरी आली तवापासून ऐकायलोत, २६०० कोटी, चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, पंतप्रधानांनी पायाभरणी पण केली २०२३ ला. पण माझा सवाल खालच्या जमिनीचा हाय. अजिंठा भाऊ जे म्हनले तेच माझ्या बाबतीत झालंय. सप्टेंबरात एवढा पाऊस झाला, सोयाबीन पाण्याखाली आठ दिस, शेंगाला कोंब फुटले, मी सोता फोटो काढलेत. अन् इम्याच्या वक्ताला आमच्या मंडळाचं उत्पन्न चांगलं निघालं म्हणं, कशावरनं तर उपग्रह अन् कंप्युटरचं मॉडेल. कुनाला इचारायचं? हापिसातला मानूस म्हनतो सिस्टीमनं काढलंय. सिस्टीमचं नाव घेतलं की समदे गप.

वसमतचा_मास्तर

भाऊ, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे. माझ्या डोक्यात जबाबदार एआय म्हणजे नेमकं हेच होतं, फक्त मी ते उदाहरण द्यायला कचरलो कारण मला वाटलं विषय भरकटेल.

जरा नीट उलगडू या. पीकविम्यात आता उत्पादनाचा अंदाज काही भाग पीक कापणी प्रयोगावरनं आणि काही भाग उपग्रह-तंत्रज्ञानावरनं असा जोडून काढायची पद्धत आली आहे. यात वाईट काही नाही, खरं तर चांगलंच आहे, नीट केलं तर. पण बघा अडचण कुठं येते. कॅमेऱ्यासारख्या उपग्रहाला ढगातनं दिसत नाही, आणि आपलं खरीप म्हणजे ढगच ढग. रडारवाल्या उपग्रहाला ढगातनंही दिसतं, ३० जुलै २०२५ ला इस्रो-नासाचा निसार गेला तो तसलाच. पण रडारला दिसतं काय, तर पानोळा किती, ओल किती. शेंगा हिरव्या उभ्या आहेत आणि आत दाणा कुजलाय किंवा कोंब फुटलेत हे वरनं ओळखणं फार अवघड. म्हणजे मॉडेलला पीक उभं दिसणार आणि तुमच्या घरात पोतं रिकामं. शिवाय हिशोब गावाचा नाही, महसूल मंडळाचा, त्यामुळं नदीकाठच्या शिवाराचं नुकसान माळावरच्या चांगल्या पिकात मिसळून जातं.

टेगमार्क यांच्या नकाशात प्रत्येक आकड्यापुढं अधिक-उणे लिहिलेलं असतं, एररबार. ४०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेच्या बाबतीत आपण अधिक-उणे सांगतो, आणि औंढ्यातल्या सोयाबीनच्या क्विंटलला अधिक-उणे नाही, नुसता एक आकडा आणि "सिस्टीमनं काढलंय". हे चालणार नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. यंत्र चुकलं म्हणून मला राग येत नाही, यंत्राला स्वतःची चूक किती असू शकते हे सांगायला कुणी लावलंच नाही, याचा येतो.

अजिंठा२२

हे असं मांडलंत तर मी तुमच्या बाजूनं आहे मास्तर. राज्य सरकारनं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलंय, ५०० कोटींचं. त्यात पैसा ॲप बनवण्यावर किती जाईल आणि तपासणीवर किती जाईल हे बघायला पाहिजे.

किल्लारीकर

मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी अनुभवलेली आहे, त्याबद्दल इथं लिहीत नाही. माझा प्रश्न साधा आहे. हिंगोली भागात २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, नांदेड परभणीपर्यंत जाणवले. वसमतकडच्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून आवाज येतात हे वर्षानुवर्षं ऐकतो. मग इतकं नाजूक यंत्र तिथंच का? आणि अशा जागी एआयनं भूकंप आणि ताऱ्याचा आवाज यात घोळ केला तर?

वसमतचा_मास्तर

काका, नमस्कार. प्रश्न अगदी रास्त आहे. लायगोला त्रास होतो तो दोन प्रकारचा. एक म्हणजे रोजची बारीक थरथर, रेल्वे, कारखाने, हायवे, समुद्राच्या लाटा, ही दिवसरात्र चालू असते आणि हीच सगळ्यात नडते. औंढ्याची जागा निवडताना ती कमी आहे, जमीन सपाट आहे, समुद्र लांब आहे हे बघितलं. दुसरा म्हणजे भूकंपाचा धक्का. धक्का आला की यंत्राचे आरसे आणि लेसर यांचा जो ताळमेळ असतो तो सुटतो, मग परत जुळवून घ्यायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंचा ताळमेळ जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तरी सुटतो, ते परत जुळवतात. यंत्राची रचना तसं धरूनच केलेली असते.

घोळाचं म्हणाल तर मोजायचं किती बारीक ते बघा. चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक. इतक्या बारकाईत काहीही आवाज करतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोनपैकी हॅनफर्डच्या यंत्रात चमत्कारिक खडखड दिसायला लागली. शोधत गेले तर द्रव नायट्रोजनच्या पाइपवर बाहेरच्या बाजूला बर्फ जमलेला आणि तहानलेले डोमकावळे येऊन त्या बर्फावर चोच मारत होते. माणसानं बाहेर जाऊन पाइपवरच्या चोचीच्या खुणा बघितल्या, तसंच टकटक करून डेटाशी ताडून बघितलं तेव्हा खात्री पटली. असल्या खडखडीला ते ग्लिच म्हणतात आणि त्यांची वर्गवारी करायला एआय वापरतात, पण एकट्या एआयवर सोडत नाहीत. ग्रॅव्हिटी स्पाय म्हणून प्रकल्प आहे, त्यात जगभरातले सामान्य लोक चित्रं बघून सांगतात हा कुठल्या जातीचा ग्लिच, त्यावरनं मशीन शिकतं, मशीनला जमलं नाही ते परत माणसांकडं येतं. काही नवीन जाती तर या हौशी लोकांनीच ओळखल्या, यंत्राच्या यादीत त्या नव्हत्याच.

गोदाकाठची

मास्तर १७ ऑगस्ट २०१७ चं पण सांगा ना, ते याच्याहून भारी आहे

वसमतचा_मास्तर

सांगतो ताई, बरं झालं आठवण केलीत. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्याचा सिग्नल त्या दिवशी आला. हॅनफर्डच्या यंत्रात स्वच्छ दिसला. दुसऱ्या, लिव्हिंगस्टनच्या यंत्रात नेमका त्याच वेळी, टकरीच्या जेमतेम सेकंदभर आधी एक जोराचा ग्लिच आला. आपोआप चालणाऱ्या सॉफ्टवेअरनं नियमाप्रमाणं तो तुकडा खराब म्हणून बाजूला टाकला. सॉफ्टवेअर त्याच्या नियमानं बरोबरच होतं. पण माणसांनी पडद्यावर तो आलेख काढून डोळ्यांनी बघितला तर ग्लिचच्या आरपार सिग्नलची वर चढत जाणारी रेघ स्पष्ट दिसतेय. मग ग्लिच काढून टाकला, इटलीतल्या व्हर्गो या तशाच यंत्राची माहिती जोडली आणि आकाशातली जागा २८ चौरस अंशांपर्यंत आकसली. त्याच्यामुळं त्याच रात्री दुर्बिणींना एनजीसी ४९९३ दीर्घिकेत तो प्रकाश सापडला. सोनं, प्लॅटिनम असली जड मूलद्रव्यं अशा टकरीत तयार होतात याचा पुरावा तिथनं मिळाला.

उत्तर असं काका, की घोळ होणारच. प्रश्न एवढाच की कच्चा डेटा जपून ठेवलाय का, आणि यंत्राचा निकाल बाजूला सारून बघायचा अधिकार आणि वेळ एखाद्या माणसाला दिलाय का.

किल्लारीकर

समाधान झालं. यावरून आठवलं, सोव्हिएत युनियनचे ते अधिकारी, स्तानिस्लाव पेत्रोव. २६ सप्टेंबर १९८३. उपग्रहावरच्या यंत्रणेनं अमेरिकेनं पाच क्षेपणास्त्रं सोडली असं सांगितलं आणि यांनी ती खोटी सूचना ठरवली. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. त्या वेळी आम्ही वर्तमानपत्रात यातलं काहीही वाचलं नव्हतं, फार वर्षांनी कळलं.

वसमतचा_मास्तर

काका तुम्ही अगदी नेमकं आणलंत. याच पेत्रोवना टेगमार्क यांच्या संस्थेनं २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, फ्यूचर ऑफ लाइफ पुरस्कार दिला, त्यांच्या घरच्यांनी घेतला. आधीच्या वर्षी पाणबुडीवरून अण्वस्त्रवाला टॉर्पेडो सोडायला नकार देणाऱ्या वासिली अर्खिपोवना. पुरस्कार कुणाला देतात त्यावरनं संस्थेला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं. त्यांनीच २०१७ ला कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला एआयसाठी २३ तत्त्वं काढली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परत निवेदन काढलं की महाबुद्धिमत्तेचं काम सुरक्षेबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत आणि लोकांची संमती असल्याशिवाय होऊ देऊ नका. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ यांच्याही सह्या आहेत त्यावर, म्हणजे ज्यांनी हे तंत्र घडवलं तेच.

बीएस्सी_फायनल

सर मला एक आश्चर्य वाटलं, टेगमार्क यांच्या कामाचा आणि लायगो-इंडियाचा काही थेट संबंध आहे का? का फक्त दोन्हीकडं सिग्नल आणि कचरा एवढंच

वसमतचा_मास्तर

आहे ना! २००६ मध्ये रजीब साहा, पंकज जैन आणि तरुण सौरदीप यांनी डब्ल्यूमॅपच्या डेटावर काम केलं, आयआयटी कानपूर आणि पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका इथनं. टेगमार्क यांची साफ करायची पद्धत घेतली आणि एक सुधारणा केली. नुसता एक साफ नकाशा काढला तर उपकरणाची खरखर त्यात राहते. यांनी वेगवेगळ्या डिटेक्टरांचे गट करून वेगवेगळे साफ नकाशे काढले आणि दोन-दोन नकाशांची एकमेकांशी तुलना केली, खरखर प्रत्येकाची निराळी असते म्हणून ती गळून जाते, जे दोन्हींत सारखं तेच उरतं. त्यातले सौरदीप पुढं लायगो-इंडियाचे प्रवक्ते झाले. आणि लायगोत सिग्नल ओळखायच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर आहेत, ते काम ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासूनचं. तेव्हा हे परदेशातनं आलेलं नवं काही नाही, पुणं इथनं एका रात्रीच्या एसटीवर आहे.

तुझ्यासारख्यांनी ग्रॅव्हिटी स्पाय उघडून बसावं असं मला फार वाटतं. मोबाइलवरही चालतं, पैसे लागत नाहीत.

बीएस्सी_फायनल

आजच चालू करतो सर. हॉस्टेलवर अजून पाचसहा जण आहेत तयार

तूर_आणि_तारे

मास्तर, समदं वाचलं, डोमकावळ्याचं पोराला पन वाचून दाखवलं. पन मला आता पुढच्या हंगामात काय करायचं ते सांगा. अर्जात काय लिव्हायचं? अन् कापनी प्रयोगाच्या वक्ताला आमाला हजर ऱ्हाता येतं का

वसमतचा_मास्तर

येतं. कापणी प्रयोगासाठी ग्रामस्तरीय समिती असते, सरपंच, कृषी सहायक, तलाठी, विमा कंपनीचा माणूस, गावातले शेतकरी असे सगळे. प्लॉट कुठला निघालाय, तारीख कुठली हे कृषी सहायकांकडं आधीच विचारून ठेवा आणि त्या दिवशी तिथं उभे राहा, मोबाइलवर वजन करतानाचे फोटो काढा. आणि नुकसान झालं की लगेच फोटो काढून ठेवा, फोटोत लोकेशन चालू ठेवा.

अर्जात असं लिहा, हे सरळ उतरवून घ्या: "आमच्या महसूल मंडळाचं सोयाबीनचं उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानावर आधारित अंदाज वापरला असल्यास तो हेक्टरी किती किलो आहे व त्यात अधिक-उणे किती फरक असू शकतो ते कळवावे. अंदाज कोणत्या तारखांच्या उपग्रह चित्रांवरून काढला, त्या तारखांना ढग होते का ते कळवावे. आमच्या मंडळात प्रत्यक्ष झालेल्या कापणी प्रयोगांचे आकडे व त्याच ठिकाणचा मॉडेलचा अंदाज शेजारी शेजारी द्यावा. अंदाज चुकीचा वाटल्यास फेरतपासणी कोण करणार त्या अधिकाऱ्याचे पद कळवावे." एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं, एक तहसीलला, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर हेच चार प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका.

गोदाकाठची

यात एक वाढवा मास्तर, "मॉडेल मागील वर्षांच्या आकड्यांवर तपासले असल्यास तो अहवाल द्यावा." तो अहवाल असेल तर त्यांना द्यायला काही अवघड नाही. बनवलाच नसेल तर तेही कळेल.

तूर_आणि_तारे

उतरवून घेतलं ताई, तुमचं पन घातलं त्यात. मंडळातल्या बाकी गावच्या ग्रुपवर टाकायलोय आत्ताच, अन् सोमवारी तहसीलला जायलोत सातआठ जन. उत्तर आलं की हितंच लिव्हतो.